भोगीच्या भाजीत कोण कोण बसलंय

मागच्या भोगीला आमच्या गटाच्या बैठकीत एक वाद झाला. तो मिटवता मिटवता आम्हाला बराच इतिहास वाचावा लागला, तोच आज तुम्हाला सांगायचा आहे.

वाद तसा साधाच. सगळ्याजणींनी आपापल्या घरची भोगीची भाजी आणली होती. पावटा, वांगं, गाजर, हरभऱ्याचे घाटे, वर तिळाचं कूट, आणि सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. एका धाकट्या सुनेनं भाजीत टोमॅटो घातला होता. गटातल्या सगळ्यात मोठ्या आक्कांनी वाटी बाजूला सरकवली. म्हणाल्या, "भोगीच्या भाजीत टोमॅटू? आपल्या वाडवडलांनी कधी घातला न्हाई. बाहेरचं काय बी यात घालू नये." सून गप्प बसणारी नव्हती. ती म्हणाली, "आक्का, मग मिरची तरी कुठं आपली हाय? ती पण बोटीतनंच आली."

बैठक हसली, पण विषय डोक्यात राहिला. या भाजीत खरंच आपलं काय आणि आलेलं काय? आम्ही पुस्तकं धुंडाळली, शिक्षकांना विचारलं, म्हाताऱ्या माणसांशी बोललो. जे हाती लागलं ते आक्कांच्या बाजूनं थोडं आणि सुनेच्या बाजूनं जरा जास्त आहे.

आधी आक्कांची बाजू. वांगं आपलं. ते याच देशात माणसाळलं आणि इथून जगभर गेलं. कृष्णाकाठची वांगी आपल्याकडं सातारा, कराडपासून सांगली, मिरजेपर्यंत नावाजलेली. नदीकाठच्या मळीच्या जमिनीतलं ते पांढऱ्या रेघांचं काटेरी वांगं शिजलं की लोण्यासारखं होतं. तीळही आपले. सिंधू संस्कृतीच्या काळापासून ते या देशात पिकतात. पावटा फार जुना. हरभरा मुळात पश्चिमेकडचा, पण इथं येऊन त्याला हजारो वर्षं झाली, तेव्हा तो घरचाच म्हणायचा.

आता भाकरी. इथं आम्हीसुद्धा चकित झालो. ज्वारी आणि बाजरी दोन्ही आफ्रिकेतून आलेल्या! त्यालाही चारेक हजार वर्षं होत आली म्हणा. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथं डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ सालापासून बरीच वर्षं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या गावातल्या घरांत जळके दाणे सापडले, त्यांत सगळ्यात जास्त होते ते जवाचे. सोबत मसूर होती आणि आपला हुलगा होता. म्हणजे ज्वारीची भाकरी घरोघर थापली जाण्याआधी इथल्या बाया जव दळत होत्या आणि हुलगा शिजवत होत्या. हुलग्याचं माडगं पिताना आम्हाला आता हे आठवतं.

मग सुनेची बाजू. मिरची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतलं, त्यानंतर त्यांच्या जहाजांतून ती आपल्या किनाऱ्यावर उतरली. तोवर आपल्या जेवणात तिखट म्हणजे मिरी, पिंपळी, आलं आणि मोहरी. नव्या फळाला नाव कुठलं द्यायचं, तर मिरीसारखं तिखट म्हणून मिरची. आपला कांदा-लसूण मसाला, ज्याच्याशिवाय सातारा-सांगलीचं कालवण कालवण वाटत नाही, त्याचा जीव ज्या मिरचीत आहे ती इथं येऊन जेमतेम पाचशे वर्षं झाली. ज्या शेंगदाण्याच्या कुटावाचून आमची एकही भाजी होत नाही तो भुईमूगही तिकडचाच, दक्षिण अमेरिकेतला. लाल भोपळा, मका, श्रावणघेवडा, पेरू, पपई, सगळे त्याच वाटेचे प्रवासी. बटाटा आणि कोबी ही तर नावंसुद्धा पोर्तुगीजांकडून घेतलेली. टोमॅटो सगळ्यात मागून आला. जुन्या बायका त्याला वेलवांगी म्हणत, म्हणजे त्यालाही वांग्याच्याच घरात बसवत.

जाता जाता एक गंमत. चतुर्थीच्या किंवा एकादशीच्या उपवासाचं ताट बघा. साबुदाणा, बटाटा, रताळं, शेंगदाणे, हिरवी मिरची, राजगिरा. जवळजवळ सगळं ताट अमेरिकेचं! अस्सल इथली म्हणावी अशी त्यात एकटी वरई. जे पदार्थ देवाच्या नावानं सगळ्यात सोवळे ठरले तेच सगळ्यात उशिरा आलेले. हे ऐकून आक्का म्हणाल्या, "म्हंजे देवानं बी सवय लावून घेतली."

बटाट्याची आपल्या जिल्ह्यातली एक गोष्ट आम्हाला फार आवडली, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो. इंग्रज अधिकाऱ्यांना उन्हाळ्यात राहायला थंड जागा हवी होती. मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम यानं साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून १८२९ साली महाबळेश्वरची जागा घेतली आणि बदल्यात वाईकडचं खंडाळा गाव दिलं. गोऱ्यांची वस्ती झाली तशी त्यांना त्यांच्या सवयीची भाजी हवी झाली. डोंगरावर ती पिकवणार कोण? १८३४ साली तिथं एक तुरुंग बांधला. त्यात ठेवले होते चिनी आणि मलायी कैदी. समुद्रापलीकडं सिंगापूर, पेनांग, मलाक्का इथं इंग्रजांच्या वसाहती होत्या, तिथून शिक्षा झालेली ही माणसं इकडं आणलेली. आणि इकडचे कैदी तिकडं पाठवले जात. परक्या मुलखातून माणूस पळून जाणार कुठं, हा त्यामागचा हिशेब.

या कैद्यांनी महाबळेश्वरला बागा केल्या. बटाटे लावले, विलायती भाज्या लावल्या, वेताच्या टोपल्या विणल्या. बटाटा नीट कसा लावावा, मातीची भर कशी द्यावी, हे आजूबाजूचे शेतकरी त्यांच्याकडं बघून शिकले. १८६४ साली तुरुंग बंद झाला. महाबळेश्वरला फिरायला गेलात तर एका धबधब्याला चायनामन फॉल म्हणतात, तो त्यांच्याच बागांच्या जवळचा. लोक तिथं फोटो काढतात आणि पुढं जातात. त्या माणसांची नावं कुणाला माहीत नाहीत. घरदार सुटलेल्या, बेड्यांतल्या त्या माणसांच्या हातची विद्या आज खटाव-कोरेगावकडच्या बटाट्याच्या सऱ्यांत किती उतरली असेल, असं आम्हाला वाटून गेलं. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला आता जीआय मानांकन मिळालंय आणि त्याचा आपल्याला अभिमान आहे. त्या घेवड्याचं मूळही अमेरिकेतलंच. अभिमान त्यानं कमी होत नाही. ज्यांनी बी निवडून निवडून त्याला इथल्या मातीचं केलं त्यांचाच तो.

बी कोण निवडत होतं? बहुतेक घरी बाया. इतिहासाच्या पुस्तकात किल्ले येतात, तह येतात, पण राखेत घोळून गाडग्यात ठेवलेलं पावट्याचं बी येत नाही. भोपळ्याच्या बिया शेणात दाबून भिंतीला थापायच्या, दोडक्याचं एक फळ वेलावरच वाळू द्यायचं, चांगलं कणीस दाराच्या चौकटीला टांगायचं. ही सगळी विद्याच, पण ती लेकीच्या हातातून सुनेच्या हातात गेली, कागदावर आली नाही.

कागदावर फार थोडं आलं. शिवाजी महाराजांच्या काळात समर्थ रामदासांचे एक स्नेही होते, रघुनाथ गणेश नवहस्त नावाचे पंडित. त्यांनी 'भोजनकुतूहल' नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला. धान्य कुठलं, भाजी कुठली, कशाचा गुण काय, हे त्यात सांगितलंय. रामदासांनी स्वतः 'बागप्रकरण' रचलं, त्यात झाडा-झुडपांची नावंच नावं आहेत. चाफळ आणि सज्जनगडाच्या डोंगरात हिंडलेल्या माणसाची नजर त्यात दिसते.

बाईच्या हातनं लिहिलं गेलेलं पुस्तक म्हटलं की आपल्या भागातलं एक नाव घ्यावंच लागतं. कमलाबाई ओगले. जन्म १९१३ सालचा, कुंडलचा. हो, आपल्या पलूस तालुक्यातलं कुंडल. तेव्हा ते औंध संस्थानात होतं. शिक्षण मराठी चौथीपर्यंत. लग्न होऊन सांगलीला आल्या आणि सासूबाईंच्या हाताखाली स्वयंपाक शिकल्या. पुढं इतरांना शिकवू लागल्या आणि १९७० साली त्यांचं 'रुचिरा' हे पुस्तक निघालं. ते घरोघर गेलं, लग्नात आहेर म्हणून गेलं, परदेशी निघालेल्या मुलींच्या बॅगेत गेलं. त्यातली मापं वाटीची आणि चमच्याची. ही गोष्ट आम्हाला सगळ्यात मोठी वाटते. चौथी शिकलेल्या बाईला ठाऊक होतं की स्वयंपाकघरात तराजू नसतो, वाटी असते.

पण 'रुचिरा'त आलं ते एका घरचं, एका पद्धतीचं जेवण. माणदेशातली, आटपाडी-जतची, ऊसतोडीच्या कोपीतली, दलित वस्तीतली, धनगरवाड्यावरची चूल अजून लिहायची राहिली आहे. आमच्या गटानं एक वही घातली आहे, तिच्याविषयी शेवटी सांगतो.

त्याच कुंडलची दुसरी ओळख तुम्हाला माहीत आहे. १९४२ नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेचं शिक्षण तिथं चाले. तेव्हा सातारा-सांगली हा एकच जिल्हा होता. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळालं. भूमिगत कार्यकर्ते वस्तीवस्तीवर, उसाच्या फडात, डोंगरात राहत. त्यांना रातोरात भाकरी लागायची. ज्या घरांनी दहा-दहा जणांच्या भाकरी थापल्या त्या घरांवर पोलिसांची धाड यायची. त्या लढाईत बायकांनी निरोप पोचवले, हत्यारं पोचवली हे आता सांगितलं जातं. चुलीपुढं बसून दिलेली साथ मात्र अजूनही 'जेवण दिलं' एवढ्या दोन शब्दांत संपते.

आता दुष्काळाचं. १९७२ चा दुष्काळ आमच्यातल्या वयस्कर बायांनी अंगावर काढला आहे. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, सगळीकडं हाहाकार. सरकारनं दुष्काळी कामं काढली. पाझर तलाव, रस्ते, नालाबंडिंग. खडी फोडायला बाया हजारोंनी होत्या. कामावर सुकडी मिळायची, आणि रेशनवर परदेशातून आलेली तांबडी ज्वारी, तिला लोक मिलो म्हणत. आमच्या एक आजी सांगतात, "मिलोची भाकरी थापली की तुटायची. पोरं रडायची, पण खायाची." मग कालवण? आजींनी हाताची बोटं मोडत नावं घेतली. तांदुळजा, घोळ, चिघळ, पाथरी, कुरडू, केना, आघाड्याची कोवळी पानं, तरवटा. पहिला शिडकावा झाला की बांधावर जे उगवेल ते. पाण्यात उकळायचं, मीठ टाकायचं, असलं तर हुलग्याचं पीठ लावायचं. "त्या तणानं आमाला जगवलं," असं त्या म्हणतात. रोजगार हमीचा कायदा पुढं त्याच कामांच्या अनुभवातून झाला, हे आपल्याला शिकवतात. तणाचं कुणी शिकवत नाही.

आणि इथंच आमच्या पोटात दुखतं. ते तण आता कुठं आहे?

कराडजवळ खोडशीला धरण बांधून कृष्णा कालवा निघाला तो १८६० च्या दशकात. पुढं साखर कारखाने आले, कोयना झालं, नदीवर उपसा योजना झाल्या, ताकारी, म्हैसाळ, टेंभूचं पाणी वर चढलं. पाणी आलं याचा आनंद आहेच. हंड्यासाठी मैलभर चाललेल्या बाईला कुणी पाण्याविरुद्ध बोलायला सांगू नये. पण पाण्यामागं ऊस आला आणि उसामागं तणनाशक. टू-फोर-डीचा एक पंप फिरला की रुंद पानाचं सगळं जळतं. तांदुळजा, घोळ, चाकवत, सगळं रुंद पानाचंच! गवत उरतं आणि भाजी मरते. पूर्वी खुरपायला गेलेली बाई संध्याकाळी येताना ओच्यात भाजी घेऊन यायची. ती मजुरीवरची दुसरी मजुरी होती, आणि ती पूर्ण तिची होती, तिच्यावर नवऱ्याचा हिशेब नव्हता. आता खुरपणही गेलं आणि ओच्यातली भाजीही गेली. तीच बाई आता आठवडी बाजारात दहा रुपयांची जुडी उलटीपालटी करून बघते आणि परत ठेवते.

घरातल्या ताटाचा रंग गेला तो असा. पांढरा भात, पांढरा बटाटा, तेलात परतलेला कोबी. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. त्याआधीच्या पाहणीत हा आकडा ४८ होता. म्हणजे पाणी वाढलं, पैसा वाढला, आणि बाईचं रक्त कमी झालं. याला एकटी भाजी जबाबदार आहे असं आम्ही म्हणणार नाही. बाई सगळ्यात शेवटी जेवते, तिच्या वाट्याला तळाचं कालवण येतं, हेही तितकंच खरं. पण सगळ्यात शेवटी जेवणाऱ्या बाईच्या पोटात पूर्वी निदान खुरपताना खाल्लेला पाथरीचा पाला तरी जायचा.

शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी नव्वदच्या सुमारास सीताशेतीची कल्पना मांडली होती. शेताचा एक तुकडा बाईच्या हातात द्यावा आणि घरचं खाणं तिनं तिच्या पद्धतीनं, विष न मारता पिकवावं. आता उमेदच्या गटांमधून पोषण परसबागा होतात. तुमच्यातल्या कितीतरी जणींनी केल्या असतील. आम्हाला त्यात एकच जास्तीचं सांगायचंय. पाकिटातलं बी संपलं की बाग संपू देऊ नका. परड्यात एक कोपरा असा ठेवा की जिथं तण येईल ते येऊ द्यायचं, आणि चाकवत, माठ, तांदुळज्याचं एकेक झाड बियाला सोडायचं.

जुन्या बायांनी वर्षाला एक वेळापत्रक लावून दिलं होतं, ते सणांतून. गौर आली की पहिल्या दिवशी भाजी-भाकरीचा निवद. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणजे हातानं लावलेलं, परड्यातलं, आपोआप उगवलेलं खायचं. पोरी हादगा खेळायच्या त्याच दिवसांत हादग्याच्या फुलांची भाजी. आणि कडाक्याच्या थंडीत, शेतं भरलेली असताना, भोगी. धर्म ज्याचा त्याचा, पण ज्या महिन्यात जे कोवळं ते ताटात यावं, एवढी सोय त्यात पक्की केलेली दिसते.

तर मूळ वादाकडं येतो. आमच्या वहीत पहिल्या पानावर भोगीची भाजी आहे, दोन्ही बाजूंच्या सह्या घेऊन. चार माणसांना पावट्याचे दाणे एक वाटी, हरभऱ्याचे सोले अर्धी वाटी, भिजवलेले शेंगदाणे मूठभर, एक गाजर, चार लहान वांगी, असली तर शेवग्याची एक शेंग. तेलात जिरं, लसूण, हळद. आधी दाणे आणि शेंगदाणे घालून झाकण ठेवायचं, झाकणावर पाणी. ते अर्धवट शिजले की गाजर आणि शेंग, वांगं सगळ्यात शेवटी, नाहीतर त्याचा लगदा होतो. मग मीठ, कांदा-लसूण मसाला, बोटभर गूळ आणि झाकणावरचं गरम पाणी. उतरवताना तीन चमचे भाजलेल्या तिळाचं कूट. आक्कांच्या पातेल्यात टोमॅटो पडत नाही, सुनेच्या पडतो. वहीत तो कंसात लिहिलाय.

वहीची चाळीस पानं भरली आहेत. हुलग्याचे शेंगोळे आले, करडईची भाजी आली, अंबाडी कण्या घालून आली, घोळीची ताकातली भाजी आली. दुष्काळातली तरवट्याची भाजीही आजींनी सांगितली, पण "ही कुणाला करायची पाळी नको" असं लिहून घ्यायला लावलं. पुढच्या कार्यक्रमात चाकवत आणि चुक्याविषयी बोलायचंय. ज्यांच्याकडं गावरान चाकवताचं बी असेल त्यांनी बैठकीला येताना चिमूटभर पुडीत बांधून आणा, आणि पुडीवर गावाचं नाव लिहा.